पुढे सोपा, आत दोन खोल्या

प्राचीन चीनच्या छाओ त्सुओचं नाव निघालं की आधी त्याच्या मरणाची गोष्ट निघते. अंगावर दरबारी पोशाख असताना गाडीत बसवून बाजारात नेला आणि तिथेच तोडला, तो मंत्री. ज्याच्या बापाने आधीच विष घेतलं, तो मंत्री. ही गोष्ट ऐकणाऱ्याला इतकी धरून ठेवते की हा माणूस जन्मभर करत काय होता, हे विचारायचं राहून जातं. मला लिहायचंय ते मुख्यतः त्या राहून गेलेल्या भागाबद्दल. मरणही येईलच, त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

असं होण्याला एक साधं कारण आहे. छाओ त्सुओ गेला इ.स.पू. 154 मध्ये. त्यानंतर काही दशकांनी सिमा छ्येनने आपला मोठा इतिहास लिहिला आणि त्यात त्याचं मरण असं रंगवलं की ते विसरता येऊ नये. पण त्याने सम्राटाला लिहिलेली टिपणं सिमा छ्येनने घेतली नाहीत. ती घेतली बान गूने, जवळपास दोनशे वर्षांनंतर. हान घराण्याचा इतिहास लिहिताना त्याने ही टिपणं लांबच्या लांब उतरवून काढली. एकाने माणसाचा शेवट सांगितला, दुसऱ्याने त्याचं काम जपलं. वाचणाऱ्यांनी शेवट उचलला.

मी नोकरीतली बरीच वर्षं सरकारी टिपण्या लिहिण्यात आणि वाचण्यात घालवली आहेत. त्यामुळे चांगली टिपणी कशी असते याची मला थोडीफार जाण आहे. ज्याच्यासाठी योजना आहे तो माणूस लिहिणाऱ्याला दिसतो का, हे दुसऱ्या परिच्छेदापर्यंत कळतं. पैसा कुठून येणार, पहिल्या वर्षी पीक आलं नाही तर तो खाणार काय, आजारी पडला तर कोण बघणार, हे तिथे लिहिलेलं असतं किंवा नसतं. बहुतेक वेळा नसतं. छाओ त्सुओची टिपणं मी इंग्रजी भाषांतरांतून वाचली आणि दोन हजार वर्षांहून जुन्या या कारकुनी लिखाणात ते सगळं सापडलं. तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही.

तो यिंगछुआनचा, म्हणजे आजच्या हनान प्रांतातला. जन्म साधारण इ.स.पू. 200 चा. छिन घराण्याचं साम्राज्य कोसळून हान घराणं नुकतंच गादीवर आलं होतं. तरुणपणी तो शिकला ते कायदेवाद्यांचं शास्त्र : नेमून दिलेलं काम, त्याचा हिशोब, बक्षीस आणि शिक्षा. सिमा छ्येन त्याच्या स्वभावाबद्दल लिहितो की हा माणूस ताठ, सरळ, कठोर आणि खोल. चारही विशेषणं पुढे खरी ठरली. पण त्याच्या नोकरीतलं पहिलं नावाजलेलं काम कायद्याचं नव्हतं. ते होतं एका म्हाताऱ्याकडून एक ग्रंथ ऐकून घेण्याचं.

छिन सम्राटाने पुस्तकं जाळण्याचं फर्मान काढलं तेव्हा फू शेंग नावाच्या पंडिताने प्राचीन राजांच्या वचनांचा ग्रंथ घराच्या भिंतीत दडवला. पुढे युद्धं झाली, पळापळ झाली. परत येऊन भिंत उघडली तेव्हा बराच भाग गेलेला होता, 29 प्रकरणं हाती लागली. सम्राट वेनच्या काळात हा ग्रंथ येणारा माणूस शोधायला निघाले तर सबंध देशात हा एकटाच उरलेला, वय नव्वदीच्या पुढे. त्याला राजधानीत आणणं शक्य नव्हतं, म्हणून राजधानीतून माणूस पाठवला. तो छाओ त्सुओ. म्हाताऱ्याचं बोलणं नीट समजत नव्हतं, त्याची मुलगी मध्ये बसून समजावून सांगत होती आणि त्या भागाची बोलीही याला परकी होती, अशी जुनी टीकाकारांची परंपरा आहे. मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं. ज्या विचारपरंपरेच्या राज्यात पुस्तकं जळली, त्याच परंपरेत शिकलेला एक तरुण अधिकारी जिनानच्या एका घरात बसून, जळण्यातून वाचलेलं पुस्तक एका म्हाताऱ्याच्या आणि त्याच्या लेकीच्या तोंडून उतरवून घेतोय. परत आल्यावर त्याने या ग्रंथाच्या आधारे सल्ले द्यायला सुरुवात केली. मग त्याची नेमणूक युवराजाच्या पदरी झाली. युवराजाच्या वाड्यात त्याला ‘अकलेची थैली’ म्हणू लागले.

आता त्याच्या टिपणांकडे येतो.

उत्तर सीमेवर शिओंग्नू टोळ्यांचे घोडेस्वार दर काही वर्षांनी खाली उतरायचे, गावं लुटायचे, माणसं आणि गुरं घेऊन जायचे. हानचा उपाय असा की दूरदूरच्या प्रांतांतून शिपाई आणून सीमेवर ठेवायचे आणि वर्षाने बदलायचे. इ.स.पू. 169 च्या सुमारास छाओ त्सुओने या विषयावर एकामागून एक टिपणं दिली. पहिल्यात त्याने दोन्ही बाजूंची ताकद समोरासमोर मांडली. डोंगर चढणं-उतरणं, ओढे पार करणं यात त्यांचे घोडे सरस. धावत्या घोड्यावरून बाण मारण्यात ते सरस. वारा, पाऊस, भूक, तहान सोसण्यात ते सरस. आपल्याकडे सपाट मैदानातले रथ, लांब पल्ल्याची मजबूत धनुष्यं, चिलखत आणि शिस्तीच्या तुकड्या, नेमबाज, जमिनीवर उतरून लढण्याची सवय. शत्रूच्या गुणांची यादी इतक्या स्वच्छपणे दरबारात मांडायला धीर लागतो. आपण कुठे कमी आहोत हे लिहिलेली टिपणी वर जाताना किती टेबलांवर अडते, हे मला माहीत आहे.

पण त्याचा खरा आवाका दिसतो तो वसाहतींच्या टिपणांत. वर्षाने बदलणाऱ्या शिपायाला शत्रूची चाल कळेपर्यंत त्याची परतायची वेळ होते, असं तो म्हणतो. छिनच्या काळात माणसांना शिक्षा म्हणून सीमेवर धाडायचे, तर लोक मरणाच्या शिक्षेला निघाल्यासारखे निघायचे. असा माणूस कशासाठी लढेल? तेव्हा तिथे कायमची कुटुंबं वसवा. हजारापेक्षा कमी घरांचं गाव नको. उंच तट, खोल खंदक. आणि पुढे तो जे लिहितो त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

गावाची जागा ठरवण्याआधी तिथल्या झऱ्यांच्या पाण्याची चव घेऊन बघा, असं तो लिहितो. माती कशाला चांगली ते पाहा, झाडझाडोरा कसा आहे ते पाहा. माणसं येण्याआधी घरं बांधून तयार ठेवा. प्रत्येक घराला पुढे एक सोपा आणि आत दोन खोल्या. दारं लागतील अशी असू द्या. घरात भांडीकुंडी, अवजारं ठेवा, म्हणजे आल्या आल्या राहायला जागा आणि कामाला साधन. हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे कपडे द्या. पिकवून खाऊ लागेपर्यंत सरकारी कोठारातून धान्य द्या. गावात वैद्य ठेवा, भगत ठेवा, आजारपण आणि देवधर्म दोन्हींची सोय हवी. सोयरिकी गावातल्या गावात जुळू द्या. जन्ममरणाला माणसं एकमेकांच्या दारात जातील असं करा. थडगी जवळजवळ असू द्या. झाडं लावा, जनावरं वाढवा. तर माणूस जुनं गाव सोडेल, आणि तर तो तिथे टिकेल.

थडगी जवळजवळ असू द्या! सीमेच्या संरक्षणाच्या टिपणीत हे वाक्य आहे. ज्या जागी आपली माणसं पुरली आहेत ती जागा माणूस सहजासहजी सोडत नाही, हे त्याने हिशोबात धरलंय.

लष्करी बाजूही त्याच कापडातून बेतलेली. पाच घरांची एक जोड, अशा दहा जोडांची वाडी, चार वाड्यांचा एक गट, दहा गटांचं एक शहर. एकत्र वाढलेली माणसं रात्रीच्या लढाईत आवाजावरून एकमेकांना ओळखतील आणि मदतीला धावतील. दिवसा नजरेला नजर भिडली की ओळख पटेल. आणि जिव्हाळा असा की एकमेकांसाठी मरायलाही तयार होतील. लुटारूंकडून जो कोणी माल-जनावरं सोडवून आणेल त्याला त्यातला निम्मा वाटा. हे लोक लढतील ते सम्राटाच्या पुण्याईखातर नव्हे, असं तो सम्राटालाच लिहितो. आपले नातेवाईक वाचावेत आणि पदरात काही पडावं म्हणून लढतील. मला या वाक्यात कुठेही तुच्छता दिसत नाही. माणूस जसा आहे तसा धरून त्याने योजना आखली, एवढंच.

याच टिपणात असंही आहे की ज्यांना नवरा किंवा बायको नाही त्यांना सरकारने जोडीदार विकत घेऊन द्यावा. तिथे वाचताना मी थांबलो. ज्या बायका विकत घेतल्या जाणार होत्या त्यांचं मन कशात रमेल, हा प्रश्न त्या टिपणीत नाही. वसाहत टिकली पाहिजे, आणि एकटा माणूस टिकत नाही. त्याची नजर इथे अशी सरळ निघून जाते. त्याच्या काळात बाजारात माणसं विकली जात होती हे खरं, पण इतक्या बारकाईने पाहणाऱ्याने इथे पाहिलं नाही, याची नोंद करावीशी वाटते.

यातल्या पहिल्या, दोन्ही बाजूंची ताकद मांडणाऱ्या टिपणाला सम्राट वेनने उत्तर लिहिलं होतं. छाओ त्सुओने नम्रपणे म्हटलं होतं की वेड्या माणसाच्या बोलण्यातूनही शहाणा राजा निवडून घेतो. सम्राटाने कळवलं की तसं नाही; बोलणारा वेडा नसतो, निवडणाऱ्याला उमज नसते, राज्यावरचं मोठं संकट ते असतं. अशा वरिष्ठाच्या हाताखाली काम करायला मिळणं हे कुठल्याही अधिकाऱ्याचं भाग्य. पुढचं सगळं वाचताना हे उत्तर माझ्या मनात घोळत राहिलं.

दुसरं मोठं टिपण धान्यावरचं, इ.स.पू. 168 चं. त्यातला शेतकऱ्याचा परिच्छेद मी कितीदा तरी वाचलाय. पाच माणसांचं घर. त्यातली दोन तरी सरकारी वेठीला बांधलेली. कसून कसून जमीन 100 मूच्या पुढे जात नाही, आणि 100 मूचं पीक 100 शिच्या पुढे जात नाही. मू हे जमिनीचं माप; शि म्हणजे ढोबळमानाने वीस लिटरचं माप. वसंतात नांगरट, उन्हाळ्यात खुरपणी, शरदात कापणी, हिवाळ्यात साठवण; शिवाय लाकूडफाटा, सरकारी इमारतींची कामं, वेठ. वसंतात धुळीपासून सुटका नाही, उन्हाळ्यात उन्हापासून नाही, शरदात पावसापासून नाही, हिवाळ्यात थंडीपासून नाही. वर्षभरात विसाव्याचा दिवस नाही. त्यातच पाहुणारावळा, कुणाच्या मयतीला जाणं, आजाऱ्याला भेटणं, पोरक्या पोरांना सांभाळणं. एवढं करूनही पूर येतो, दुष्काळ येतो, सारा अवेळी मागतात, सकाळचा हुकूम संध्याकाळी बदलतो. मग ज्याच्या घरात दाणे आहेत तो ते निम्म्या किमतीत विकतो, आणि ज्याच्याकडे नाहीत तो दुपटीच्या बोलीवर काढतो. शेवटी शेत जातं, घर जातं, आणि देणं फेडायला पोरंही विकली जातात.

सुगीत खळ्यावरूनच मातीमोलाने निघून जाणारी ज्वारी, आणि श्रावणात तीच दिढीने घरी परत येणारी ज्वारी, हे माझ्या आजोबांच्या पिढीने आमच्या घरात पाहिलेलं आहे. त्यामुळे या परिच्छेदापुढे मला इतिहास वाचत असल्यासारखं वाटत नाही. दोन ओळींत त्याने बाजारभाव, सारा आणि कर्ज यांची गाठ कुठे बसते ते दाखवलंय. शेतकरी आळशी म्हणून बुडाला, देवाच्या मनात आलं म्हणून बुडाला, असं तो कुठेही म्हणत नाही. विकण्याची वेळ त्याच्या हातात नव्हती, म्हणून बुडाला. मागणीची तारीख दुसऱ्याने ठरवली होती.

पुढे व्यापाऱ्यांचं वर्णन येतं : पुरुष नांगर धरत नाहीत, बायका रेशीम विणत नाहीत, तरी अंगावर नक्षीचे कपडे आणि ताटात उंची धान्य नि मांस. कायदा व्यापाऱ्याला हलका मानतो आणि व्यापारी श्रीमंत होऊन बसलाय. कायदा शेतकऱ्याला मान देतो आणि शेतकरी दरिद्री होऊन बसलाय. मोती, सोनं, चांदी भूक लागली तर खाता येत नाहीत, थंडी वाजली तर पांघरता येत नाहीत. पण ती मुठीत मावतात, म्हणून सगळे त्यांच्या मागे. धान्याची चार पोती माणसाला उचलत नाहीत, आणि एक दिवस ती नसली तर माणूस उपाशी.

त्यावरचा त्याचा उपाय चलाख होता. जो कोणी सीमेवरच्या कोठारांत धान्य पोचवील त्याला मानाचा दर्जा द्यायचा. 600 शि दिले तर खालची पायरी, 4,000 ला त्याहून वरची, 12,000 ला आणखी वरची. दर्जामुळे वेठीतून सूट मिळायची, शिक्षाही सौम्य व्हायच्या. श्रीमंताला मान हवा होता, तो देण्यात सरकारच्या तिजोरीतून काही जात नव्हतं. पण मान मिळवायला त्याला धान्य लागणार, धान्य शेतकऱ्याकडून घ्यावं लागणार, म्हणजे शेतकऱ्याला भाव मिळणार. सीमेवर साठा झाला, मग तो जिल्ह्याजिल्ह्यांतही करू, आणि मग शेतसारा माफ करता येईल, असं त्याने मांडलं. त्याच वर्षी सम्राट वेनने सारा निम्म्यावर आणला. पुढच्या वर्षी, इ.स.पू. 167 मध्ये, तो पूर्ण माफ केला. ही माफी दहा वर्षांहून जास्त टिकली. इ.स.पू. 156 मध्ये सारा परत सुरू झाला तो तिसाव्या हिश्श्याने. हे श्रेय एकट्या छाओ त्सुओचं नाही, सम्राट वेन स्वतः काटकसरीचा आणि हाताचा हलका राजा होता. पण या निर्णयाचं गणित मांडून देणारा कागद याचा होता. मान विकायचा हा रस्ता पुढच्या काळात किती घसरणीचा ठरू शकतो याचा विचार त्याने केलेला दिसत नाही, हेही खरं.

इ.स.पू. 165 मध्ये सम्राटाने योग्य माणसांची लेखी उत्तरं मागवली. शंभरावर लोकांनी ती दिली, त्यात हा पहिला आला आणि वर चढला. याच काळात त्याने सरंजामी राज्यांची सत्ता छाटण्याबद्दल आणि कायदे बदलण्याबद्दल तीस लेख दिले. सम्राट वेनने त्याची बुद्धी वाखाणली, पण सल्ला घेतला नाही. युवराजाला मात्र तो पटला होता. इ.स.पू. 157 मध्ये हाच युवराज सम्राट जिंग झाला.

इथून त्याची कारकीर्द भराभर उजळते, आणि मला ती वाचायला नकोशी होत जाते. राजधानीच्या प्रांताचा कारभार त्याच्याकडे आला. तो सम्राटाला एकांतात भेटायचा आणि म्हणेल ते मंजूर व्हायचं. वयोवृद्ध मुख्यमंत्री शेन्तू ज्या चरफडत राहिला. छाओ त्सुओच्या कचेरीचं दार गैरसोयीच्या बाजूला उघडत होतं, म्हणून त्याने दक्षिणेला नवी वाट फोडली. ती भिंत निघाली हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याच्या वडिलांच्या देवळाच्या बाहेरच्या आवाराची. शेन्तू ज्याने या गुन्ह्यासाठी देहदंड मागायचं ठरवलं. छाओ त्सुओला सुगावा लागला आणि तो रातोरात सम्राटाकडे गेला. दुसऱ्या दिवशी दरबारात सम्राटाने सांगून टाकलं की ती देवळाची भिंत नव्हेच, बाहेरची आहे, आणि काम माझ्या हुकमाने झालं. शेन्तू ज्या घरी गेला. आधी मारायला हवं होतं आणि मग कळवायला हवं होतं, असं म्हणत राहिला आणि रक्त ओकून मेला. छाओ त्सुओचं वजन आणखी वाढलं. परक्या मुलखातल्या वसाहतकऱ्याच्या घराचं दार लागतं का, हे बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या कचेरीचं दार कुठे उघडतंय आणि कोणाला लागतंय, हे दिसलं नाही.

इ.स.पू. 155 मध्ये तो राज्यातल्या तीन सर्वोच्च पदांपैकी एकावर, मुख्य तपासनिसाच्या जागी बसला, आणि जुना विषय बाहेर काढला. ल्यू बांगने राज्य स्थापताना आपल्या भाऊबंदांना मोठमोठे प्रदेश वाटून दिले होते. एकाला सत्तरावर शहरं, एकाला चाळीसवर, एकाला पन्नासवर; तिघांत मिळून निम्मं साम्राज्य. पन्नास शहरांचा धनी तो वू राज्याचा ल्यू बी. त्याच्या डोंगरांत तांबं, किनाऱ्यावर मीठ. स्वतःची नाणी पाडायचा, प्रजेकडून माणशी कर घ्यायचा नाही, दुसरीकडच्या फरारींना आसरा द्यायचा. त्याच्या रागालाही कारण होतं. सम्राट वेनच्या काळात त्याचा मुलगा राजधानी छांगआनला आला असताना युवराजाशी पटावर खेळायला बसला. डावावरून वाद झाला, आणि युवराजाने तो लाकडी पट उचलून त्याच्या डोक्यात घातला. पोरगा मेला. प्रेत वूला पाठवलं तर ल्यू बीने ते परत धाडलं : सगळं एकाच ल्यू घराण्याचं आहे ना, मग छांगआनला मेला तर छांगआनलाच पुरा. तेव्हापासून तो आजाराचं निमित्त करून दरबारात येईनासा झाला. सम्राट वेनने त्याला म्हातारपणाची काठी आणि टेकायची चौकी पाठवून प्रकरण निवळवलं. पट मारणारा तो युवराज म्हणजेच आताचा सम्राट जिंग.

छाओ त्सुओचं म्हणणं थोडक्यात असं : छाटलं तरी ते बंड करतील, नाही छाटलं तरी करतील, छाटलं तर लवकर करतील आणि नुकसान थोडं होईल, नाही छाटलं तर उशिरा करतील आणि नुकसान मोठं होईल. माझ्या मते हे गणित बरोबर होतं. मग राजेलोकांचे जुने-नवे गुन्हे शोधून एकेकाचा प्रदेश काढून घेणं सुरू झालं. त्याने तीस कायदे बदलले. सगळ्या राजांत ओरड झाली.

तेव्हा त्याचे वडील यिंगछुआनहून निघून राजधानीत आले. नवा सम्राट गादीवर आलाय, कारभार तुझ्या हातात आहे, आणि तू लोकांच्या घरातल्या रक्ताच्या माणसांत फूट पाडतोस, सगळे तुला शिव्या देतायत, कशासाठी? मुलगा म्हणाला, हे असंच करावं लागेल. नाहीतर सम्राटाचा मान राहणार नाही, पूर्वजांची देवळं सुरक्षित राहणार नाहीत. बाप म्हणाला, ल्यू घराणं सुरक्षित होईल आणि छाओ घराणं बुडेल, मी चाललो. आणि त्याने विष घेतलं. माझ्यावर येणारं संकट बघायला मला राहायचं नाही, हे त्याचे शेवटचे शब्द. या भेटीचं वर्णन सिमा छ्येनने मोजक्या ओळींत केलंय आणि मुलाला काय वाटलं याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही.

पुढच्या दहा-पंधरा दिवसांत सात राज्यांनी बंड केलं. ल्यू बीने फर्मान काढलं : मी 62 वर्षांचा आहे आणि स्वतः सेना चालवतोय, माझा धाकटा मुलगा 14 वर्षांचा आहे आणि तोही पुढे आहे, तेव्हा 14 ते 62 मधले सगळे निघा. दोन लाखांवर माणूस गोळा झाला. घोषणा अशी की सम्राटाशी वैर नाही, त्याच्या शेजारचा छाओ त्सुओ हटवायचाय.

या दिवसांत छाओ त्सुओने दोन चुका केल्या. सम्राटाने स्वतः सेना घेऊन जावं आणि आपण राजधानी सांभाळावी, असं त्याने सुचवलं. हजारावर वर्षांनंतर सू शी या लेखकाने नेमकं यावर बोट ठेवलं : संकट तू ओढवलंस, मग धोका स्वतःकडे घ्यायचास, तो राजाकडे ढकललास. दुसरी चूक युआन आंगची. हा जुना अधिकारी एकेकाळी वू राज्याचा मंत्री होता. दोघांचं इतकं वाकडं की एक बसला असेल तिथून दुसरा उठून जायचा. ल्यू बीकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून छाओ त्सुओने त्याची नोकरी आधीच घालवली होती. आता बंडाची माहिती असूनही लपवली म्हणून त्याला आणखी अडकवायचा विचार सुरू झाला. हाताखालचे म्हणाले की आता त्याचा उपयोग काय, आणि हा घुटमळला. बातमी युआन आंगपर्यंत पोचली. त्याने सम्राटाच्या आईच्या नात्यातल्या दोउ यिंगमार्फत रातोरात सम्राटाची भेट मिळवली.

तो आत आला तेव्हा सम्राट आणि छाओ त्सुओ सैन्याच्या धान्याचा हिशोब करत बसले होते. युआन आंग म्हणाला, उपाय आहे, पण बाकीच्यांना बाहेर पाठवा. सगळे गेले, छाओ त्सुओ राहिला. युआन आंग म्हणाला, माझं बोलणं कुठल्याच मंत्र्याने ऐकायचं नाही. छाओ त्सुओ मनातून संतापून पूर्वेकडच्या बाजूच्या खोलीत गेला. युआन आंगने सांगितलं : याला मारा, राज्यांचे प्रदेश परत द्या, तलवार रक्ताने न भिजता सेना परत जाईल. सम्राट बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की जगाची माफी मागायची तर मी एका माणसासाठी हात आखडता घेणार नाही.

मग कागद तयार झाला. बान गूने तोही जपलाय. मुख्यमंत्री, राजधानीच्या फौजेचा अधिकारी आणि न्यायखात्याचा प्रमुख या तिघांच्या नावाने टिपणी : छाओ त्सुओला कमरेतून तोडावं, आई-बाप, बायको-मुलं, भावंडं, लहानमोठं न पाहता सगळ्यांना बाजारात मारावं. खाली शेरा, मंजूर. छाओ त्सुओला यातलं काहीच माहीत नव्हतं. फौजेचा अधिकारी बोलवायला आला, गाडी बाजाराकडे वळली, आणि दरबारी कपड्यांतच त्याला पूर्वेच्या बाजारात मारलं. चौकशी नाही, उत्तर द्यायची संधी नाही. कायद्यावर हयात घालवलेल्या माणसाच्या बाबतीत कायद्याचा फक्त कागद वापरला गेला. मी अनेक फायलींवर ‘मंजूर’ वाचलंय, पण हा शेरा वाचवत नाही.

युआन आंग समेटासाठी वूकडे गेला. ल्यू बी हसला : मी आता पूर्वेचा सम्राट आहे, कुणापुढे वाकू? बंड थांबलं नाही. ते मोडलं सेनापती चौ याफूने, शत्रूची रसद तोडून, तीन महिन्यांत. मधल्या काळात देंग नावाचा एक अधिकारी आघाडीवरून आला. सम्राटाने विचारलं, छाओ त्सुओ मेला हे कळल्यावर वू आणि बंडातलं दुसरं राज्य छू थांबले का? देंग म्हणाला, वू कित्येक वर्षं बंडाची तयारी करत होता, छाओ त्सुओ हे निमित्त होतं. त्याने आखलेलं काम सगळ्या पिढ्यांच्या फायद्याचं. ते सुरू होताच तुम्ही त्याला मारलंत. आत आपल्या माणसांची तोंडं बंद केलीत आणि बाहेर शत्रूंचा सूड उगवून दिलात. सम्राट बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बरोबर आहे, मलाही त्याचं वाईट वाटतं.

मला हे वाईट वाटणं पुरेसं वाटत नाही. पट त्याने मारला होता. सल्ला त्याने घेतला होता. प्रदेश त्याच्या सहीने गेले होते. सम्राट जिंगला इतिहासात चांगला राजा म्हणतात, कारभाराच्या दृष्टीने ते खोटं नाही. पण या एका प्रकरणात त्याने आपल्या गुरूच्या माथ्यावर आपलं देणं फेडलं, आणि त्या घरातल्या पोराबाळांच्याही.

सिमा छ्येनचा निवाडा कडक आहे : जुनं बदलणारा आणि रीत मोडणारा मरतो तरी किंवा बुडतो तरी. बान गू म्हणतो की राज्यासाठी दूरचं पाहण्यात हा तीक्ष्ण होता, स्वतःवरचं संकट त्याला दिसलं नाही. मी बान गूच्या बाजूचा आहे, आणि त्याने टिपणं उतरवून घेतली म्हणून जास्तच. छाओ त्सुओ कठोर होता, सूडबुद्धीचाही होता, दरबारातल्या माणसांना त्याने कायद्याच्या कलमांपलीकडे कधी पाहिलं नाही. पण दूरच्या, न भेटलेल्या, नाव नसलेल्या माणसांना त्याने जसं पाहिलं तसं त्या दरबारात दुसऱ्या कुणी पाहिल्याचं मला आढळलेलं नाही.

त्याच्या मरणानंतर 27 वर्षांनी, इ.स.पू. 127 मध्ये, जिंगचा मुलगा सम्राट वू (वू राज्याशी या नावाचा संबंध नाही) याच्या काळात जूफू यान नावाच्या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने हुकूम निघाला की राजांनी आपला प्रदेश सगळ्या मुलांत वाटावा. वरून कृपा, आतून छाटणी. तलवार न उपसता राज्यांचे तुकडे पडत गेले. आणि त्याच वर्षी उत्तरेला, पीत नदीच्या मोठ्या वळणावर, शुओफांग इथे एक लाख लोकांना वसाहतीसाठी नेण्यात आलं. दोन्ही कल्पनांची मुळं छाओ त्सुओच्या कागदांत आहेत. माणसं नेण्याबद्दल त्याने लिहून ठेवलं होतं की जबरदस्तीची गरज पडू नये. आधी गेलेले सुखी आहेत, त्यांना जुन्या गावाची आठवण येत नाही, असं दिसलं की गरीब माणसं आपणहून एकमेकांना चला म्हणतील.